जिभेवर ताबा आणि जनुकं : संशोधनाची पार्श्वभूमी

लठ्ठ माणसाला आपल्याकडे पहिलं ऐकवलं जातं ते हेच, की जिभेवर ताबा ठेव. हा सल्ला का अपुरा पडतो, ते उलगडायला विज्ञानाला जवळपास अर्धं शतक लागलं.

सुरुवात झाली उंदरांपासून. १९४९ साली अमेरिकेतल्या मेन राज्यात, जॅक्सन प्रयोगशाळेत, सारखी खा-खा सुटलेले अतिलठ्ठ उंदीर आढळले. पुढे तिथल्याच डग्लस कोलमन यांनी असा लठ्ठ उंदीर आणि एक धडधाकट उंदीर शस्त्रक्रियेने जोडून दोघांचं रक्त एकमेकांत खेळवलं, तेव्हा लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं. म्हणजे पुरे झालं असं मेंदूला कळवणारं काहीतरी रक्तातून जात होतं आणि लठ्ठ उंदराच्या अंगात ते बनतच नव्हतं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला ते बनवणारं जनुक सापडलं. चरबीच्या पेशींत तयार होणाऱ्या त्या संप्रेरकाचं नाव लेप्टिन.

माणसातही असं असेल का? १९९७ मध्ये केंब्रिजच्या स्टीफन ओ'राहिली आणि सदफ फारूकी यांच्या गटाने एका पाकिस्तानी वंशाच्या कुटुंबातली दोन मुलं तपासली. आठ वर्षांच्या मुलीचं वजन ८६ किलो, तर दोन वर्षांच्या मुलाचं २९. दोघांच्या शरीरात लेप्टिन जवळपास नव्हतंच. मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर वर्षभरात तिचं वजन सोळा किलोंहून जास्त उतरलं. जिला हावरट म्हटलं गेलं असतं, ती मुलगी खरोखरच उपाशी होती.

असे रुग्ण फार विरळा. त्यामानाने जास्त आढळतो तो मेंदूत भुकेवर लगाम ठेवणाऱ्या एमसी४आर या जनुकातला दोष. त्याचा माणसातला पुरावा १९९८ मध्ये मिळाला आणि २००३ मध्ये तीव्र लठ्ठपणा असलेल्या ५०० जणांच्या तपासणीत २९ जणांत तो दिसला. केंब्रिजमधल्याच २०१६ च्या एका प्रयोगाने तर थेट ताटात डोकावून पाहिलं. लोकांपुढे चिकन कोर्म्याचे तीन प्रकार ठेवले. दिसायला, चवीला सारखेच, फक्त स्निग्धांश कमी, मध्यम आणि भरपूर. एकूण किती खाल्लं यात गटागटांत फरक नव्हता, पण एमसी४आरमध्ये दोष असलेल्यांनी भरपूर स्निग्धांशाचा कोर्मा सडपातळ लोकांच्या जवळपास दुप्पट खाल्ला आणि हा दोष नसलेल्या लठ्ठ लोकांपेक्षाही ६५ टक्के जास्त. गोड पदार्थांच्या फेरीत मात्र भरपूर साखरेचा पदार्थ एमसी४आरमध्ये दोष असलेल्यांनाच कमी आवडला. मला यातलं सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हे, की चवीने ओळखता न येणारा फरकही मेंदू हेरतो आणि निवड त्यानुसार ठरते.

बहुतेकांच्या बाबतीत मात्र एकच जनुक बिघडलेलं नसतं, अनेक छोटे फरक एकत्र काम करतात. २००७ मध्ये गाजलेल्या एफटीओ या जनुकातले फरक त्यांपैकीच. त्यातला एक फरक आई आणि वडील दोघांकडूनही मिळालेल्या युरोपीय प्रौढांचं वजन सरासरी तीनेक किलो जास्त भरलं. पुढल्याच वर्षी स्कॉटलंडमधल्या शाळकरी मुलांच्या अभ्यासात दिसलं, की हा फरक असलेली मुलं जास्त उष्मांकांचे पदार्थ निवडतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये भारतीयांत एफटीओचा मधुमेहाशी संबंध दाखवला, आणि त्याचा उलगडा निव्वळ वाढलेल्या वजनाने पुरता होत नव्हता.

२०२० च्या अखेरीस अमेरिकेत सेटमेलॅनोटाइड हे औषध मंजूर झालं. ते एमसी४आरलाच चालना देतं, पण तेव्हा मंजुरी मिळाली ती पुरे झालं हा निरोप मेंदूत पोचवणाऱ्या त्याच साखळीतल्या तीन दुर्मीळ जनुकदोषांपुरती. एफटीओसारखा फरक घेऊन जगणाऱ्या कोट्यवधी लोकांसाठी ते नाही.