दोघांच्या पोकरमध्ये समोरचा बिचकत असेल तर
(पोकर संचासोबतचं माहितीपत्रक)

संच घरी नेल्यावर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: ‘समोरचा पत्ते पायते अन् फेकते, त्याच्यासंग खेळाव कसं?’ हे माहितीपत्रक तेवढ्यासाठीच आहे. पोकरचे मूळ नियम पेटीतल्या दुसऱ्या कागदावर आहेत.

आधी मांडणी. दोघांच्या डावात बटन (वाटणाऱ्याची खूण) ज्याच्यापुढे, तोच लहान ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी ठेवायच्या चिप्स, ५) ठेवतो. दुसरा मोठा (१०). फ्लॉपच्या (मध्ये उघडलेल्या पहिल्या तीन पानांच्या) आधी बटनवाला पहिला बोलतो, फ्लॉपपासून पुढे शेवटी. दर डावाला बटन बदलायचं. लहान ब्लाइंड चुकून दुसऱ्याकडून घेतला की पुढचा सगळा क्रम उलटतो, आणि खाली लिहिलेलं काहीच लागू पडत नाही. आकडे प्रत्येकी १,००० चिप्स धरून दिले आहेत.

बिचकणारा हरतो का? सात-आठ जण गोल करून बसलेले असले की पत्ते टाकत बसणं परवडतं. ब्लाइंडची पाळी अधूनमधून येते. दोघांत मात्र प्रत्येक डावाला काहीतरी द्यावंच लागतं, सरासरी साडेसात चिप्स. आणि चांगली पानं इतकी येत नाहीत. दोन पानांत एखादा तरी एक्का असण्याची शक्यता सुमारे १५ टक्के, म्हणजे सहा-सात डावांत एकदा. हातात जोडी सतरा डावांत एकदा. भाव वाढेल म्हणून कापूस घरात ठेवणारा निदान कापूस तरी राखून असतो. इथं वाट पाहता पाहता चिप्सची गंजीच झिजते.

बटन तुमच्याकडे असताना

२० पर्यंत रेज करा (बोली वाढवा). तुमचे ५ आधीच आत आहेत, म्हणजे आणखी १५ लावून तुम्ही मधले १५ मागता. तो निम्म्याहून जास्त वेळा पॅक करत (पत्ते टाकत) असेल तर तुमच्या हातात काय आहे याला अर्थच उरत नाही. शंभरपैकी ६० वेळा पॅक केलं तर ९०० आले. उरलेल्या ४० वेळा तुम्ही पुढे एकही डाव जिंकला नाही असं धरलं तरी ६०० गेले. ३०० उरतात. हाच रेज २५ चा केला तर तेवढ्याच पॅकवर १०० उरतात. तो २० ला पळत असेल तर २५ कशाला?

पण पळतो हे आधी मोजा. वहीच्या कागदावर दोन रकाने करा, ‘पॅक’ आणि ‘कॉल’ (तेवढ्याच चिप्स भरणं), आणि तुमच्या बटनाच्या ३० रेजना काय झालं त्याच्या रेघा मारा. मोजल्याशिवाय फसगत ठरलेली, कारण गप्प बसणारा प्रत्येक जण बिचकणारा नसतो. काही जण रेज कधीच करत नाहीत, पण ‘पाहू तर’ म्हणत शेवटपर्यंत कॉल करतात. तो चिकटू. त्याच्यापुढे पोकळ चाल (हातात काही नसताना लावणं) खेळू नये. जोडी लागली की लावत राहायचं, एवढंच.

फ्लॉपवर

कॉल झाला तर मध्ये ४०. हातात जोडी नसेल तर फ्लॉपवर काही तरी जुळण्याची शक्यता सुमारे ३२ टक्केच असते. तीनपैकी दोनदा तोही कोराच असतो. समजा तुमच्याकडे किलवरची नश्शी आणि चौकटची छक्की, आणि फ्लॉप पडला चौकटचा राजा, इस्पिकची सत्ती, बदामची दुर्री. कशाचा कशाशी मेळ नाही. अशा कोरड्या फ्लॉपवर १५ लावा. चारपैकी एकापेक्षा थोडं जास्त वेळा (२७ टक्के) त्याने पॅक केलं तरी भागतं. ४० लावले तर निम्म्या वेळा पॅक व्हायला हवं. राजा नसलेला बिचकणारा १५ लाही जातो, ४० लाही जातो.

उलट दश्शी, नश्शी, अठ्ठी आणि त्यात दोन बदाम असा फ्लॉप आला तर हात आवरा. तिथं भित्र्यालाही सिक्वेन्सची किंवा रंगाची आशा असते.

कोरड्या फ्लॉपवर १५ ला कॉल आला तर मध्ये ७० झाले. टर्नला (चौथ्या पानाला) एक्का पडला तर आणखी एकदा, ४५ च्या आसपास. एक्का तुमच्याकडे असेल ही धास्ती त्याला पुरते. चौकी-पंजी पडली तर चेक (काही न लावता पुढे), आणि विषय सोडा. भित्र्याने दोनदा कॉल केला म्हणजे त्याच्याकडे पान आहे. रिव्हरला (पाचव्या पानाला) तिसरी पोकळ चाल करणं हीच या खेळातली सगळ्यात महाग चूक. आधीच्या वीस डावांची कमाई तिथं एका डावात जाते.

तो जागा झाला की

सगळ्यात अवघड भाग हाच. समजा त्याच राजा-सत्ती-दुर्रीच्या फ्लॉपवर तुमच्याकडे राजा-नश्शी आहे. तुम्ही १५ लावले, त्याने ६० केले. मध्ये ११५, तुम्हाला भरायचे ४५; हिशेबाने २८ टक्के जिंकलात तरी बरोबरी होते. कॉल सोपा वाटतो. पण बिचकणारा ६० करतो ते एक्का-राजा, राजा-राणी, राजा-सत्ती किंवा सत्तीची तिकडी घेऊन. त्यांच्यापुढे तुमच्या २८ मधले निम्मेही भरत नाहीत. पॅक करा. राजाची जोडी टाकताना जीव जळतो, पण नफा इथंच वाचतो. तसंच, बटन त्याच्याकडे असताना त्याने रेज केला तर राजा-पंजी, गुलाम-सत्ती वगैरे पुढे नेऊ नका.

पॅक झाल्यावर आपली पानं उघडून दाखवू नका. नश्शी-छक्कीवर हुसकावलं हे कळलं की माणूस चिडतो आणि पुढचे दहा डाव सोडत नाही. न दाखवताही कधीतरी तो बदलतोच: पॅकच्या रकान्यात निम्म्याहून कमी रेघा दिसू लागल्या, किंवा तुमच्या रेजवर पुन्हा रेज यायला लागला, तर सत्ती-दुर्री, अठ्ठी-तिर्री असली पानं रेज करणं बंद करा. चांगली पानं चालू ठेवा.

२०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस या संगणक प्रोग्रॅमने दोघांच्या नो-लिमिट (लावण्यावर मर्यादा नसलेल्या) खेळात १,२०,००० डावांत चार व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. तो समतोल खेळावर भर देतो, समोरच्याची खोड हेरण्यावर नाही. पारावरच्या खेळात ही खोडच कमाईची, म्हणून रेघा मारायच्या.

संचाबद्दल

चिप्स मोजण्यासाठी आहेत. पैसे लावून खेळू नका. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आपल्याकडे लागू आहे, आणि पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आहे.

एखादं पान मुडपलं किंवा हरवलं तर पूर्ण कॅट बदला. दुसऱ्या कॅटमधलं एकच पान मिसळलं तर त्याची पाठ वेगळी चमकते आणि दोघांच्या डावात ते लगेच ओळखू येतं.