लॅब्रेडॉर आणायचा की कारवानी?

कुत्रा पाळायचं ठरलं की घरात पहिली चर्चा होते ती स्वभावाची. लॅब्रेडॉर प्रेमळ, कारवानी तापट, अमका मुलांना सांभाळून घेतो, तमका राखणीला चांगला. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने नेमकं हेच तपासलं. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी प्रश्नावल्या भरून दिल्या आणि त्यांपैकी दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा डीएनए वाचला गेला. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचं उत्तर जातीकडे पाहून मिळालं ते जेमतेम ९ टक्के. सांगितलेलं ऐकण्याची वृत्ती त्यातल्या त्यात जातीशी जास्त निगडित निघाली. सहज बिथरण्याचा मात्र जातीशी फारच थोडा संबंध दिसला.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे, की जात निवडताना शरीराचा विचार आधी करावा. कुत्र्याला भूक किती लागते, उकाडा किती सोसतो, धावायला किती जागा लागते, हे जातीवरून बऱ्यापैकी सांगता येतं. घरातल्यांचं रोजचं जगणं सुखाचं होणार की त्रासाचं, तेही याच गोष्टी ठरवतात.

लॅब्रेडॉरच्या भुकेचंच पाहा. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं, की बऱ्याच लॅब्रेडॉरमध्ये ‘पीओएमसी’ नावाच्या जनुकातला डीएनएच्या १४ अक्षरांचा तुकडा गळालेला असतो. ब्रिटनमधल्या पाळीव लॅब्रेडॉरमध्ये हे प्रमाण साधारण चारात एक आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूत पोहोचवणाऱ्या रसायनांच्या निर्मितीत या जनुकाचा वाटा असतो. याच गटाने २०२४ मध्ये एक साधा प्रयोग केला. कुत्र्यांना भरपेट जेवू घातलं आणि काही तासांनी त्यांच्यासमोर भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात सॉसेज ठेवलं. वास येतोय, दिसतंय, पण मिळत नाही. ज्यांच्या जनुकात बिघाड होता ते कुत्रे डब्याशी कितीतरी जास्त वेळ झटत राहिले. शिवाय विश्रांतीच्या वेळी त्यांचं शरीर सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा खर्च करतं, असंही आढळलं. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. अपंगांना मदत करणाऱ्या सहायक कुत्र्यांच्या पैदाशीसाठी निवडलेल्या लॅब्रेडॉरमध्ये हा बिघाड आणखी जास्त प्रमाणात दिसतो. खाऊच्या आशेने भराभर शिकणारे कुत्रे पिढ्यानपिढ्या निवडले गेले आणि त्यांच्यासोबत ही भूकही आली असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे.

आपल्या घरात याचा अर्थ काय होतो? आजी चहाबरोबर बिस्किट देते, मुलं ताटातला पोळीचा तुकडा टाकतात, बाबा रात्री दहीभात घालतात, आणि कोणालाच दुसऱ्याने काय दिलं ते माहीत नसतं. ४८ लॅब्रेडॉरवर चौदा वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात निम्म्या कुत्र्यांना जोडीतल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालं. ते सरासरी जवळपास दोन वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. माप एकाच्याच हातात ठेवता येत असेल, तरच लॅब्रेडॉर आणावा.

कारवानी वेगळ्याच कामासाठी घडलेला आहे. दख्खनच्या माळरानावर सशामागे धावणारा हा कुत्रा सोलापूर, सांगली, लातूरकडे मेंढपाळांच्या आणि शेतकऱ्यांच्या घरी दिसतो. सीमेपलीकडे कर्नाटकात तो मुधोळ हाउंड म्हणून ओळखला जातो आणि २००५ साली टपाल तिकिटावरही झळकला. लांब पाय, खोल छाती, आत गेलेलं पोट. भरधाव धावताना अशा कुत्र्याचे चारही पाय एका ढांगेत दोनदा जमिनीवरून सुटतात. नजरही त्याच कामाची. लांब तोंडाच्या कुत्र्यांच्या डोळ्यात मेंदूकडे संदेश नेणाऱ्या पेशी आडव्या पट्ट्यात दाटलेल्या असतात, असं सिडनीच्या संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं. क्षितिजाच्या रेषेवर काहीही हललं की ते टिपायला असा डोळा फार सोयीचा. सोसायटीच्या आवारात मांजर पळालं की कारवानी साखळीला एवढा मोठा हिसका का देतो, ते यावरून कळेल. घरातल्या वयस्कर माणसाला तो हिसका झेपणार नाही.

उकाड्याबद्दलही बोलायला हवं. कुत्रा अंगभर घाम गाळून गार होऊ शकत नाही. धापा टाकत जीभ आणि श्वासमार्गातल्या ओलाव्याची वाफ करणं हा त्याचा मुख्य उपाय. सोलापूरच्या कोरड्या हवेत हा उपाय चालतो, मुंबई-रत्नागिरीच्या दमट मे महिन्यात फार कमी पडतो. लॅब्रेडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या थंड पाण्यात कोळ्यांना मदत करायचे. तिथे जीव वाचवणारी दाट आतली लव इथे जाचक ठरते, त्यात वजन वाढलेलं असेल तर आणखीच. त्याला सूर्य वर येण्याआधी फिरवून आणा. जीभ रुंद होऊन बाहेर लोंबली, हिरड्या लालभडक झाल्या आणि पाय लटपटू लागले, तर लगेच सावलीत घेऊन अंगावर पाणी ओता, पंखा लावा आणि मग दवाखान्याकडे निघा. आखूड केसांचा, सडपातळ कारवानी उन्हाला सरस असला तरी दुपारी जोरात पळवल्यावर त्यालाही उष्माघात होऊ शकतो.

कारवानीच्या फासळ्या दिसतात म्हणून लोक त्याला उपाशी समजतात. शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसणं त्याच्यात स्वाभाविक आहे, उगाच खायला घालू नका. ग्रेहाउंड या शर्यतीच्या सडपातळ कुत्र्यावरच्या संशोधनातून कळलंय, की भुलीची काही औषधं ग्रेहाउंडचं यकृत फार हळू मोडतं. बांधा तसाच असल्याने, कारवानीच्या कोणत्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना त्याची जात आवर्जून सांगा.

फ्लॅट, लहान मुलं, आजी-आजोबा असं घर असेल तर मी लॅब्रेडॉर सुचवेन. कुंपण घातलेली मोकळी जागा आणि रोज पळवणारं तरुण माणूस असेल तर कारवानीच. तो लॅब्रेडॉरपेक्षा कमी कौतुकाचा धनी झालाय, याचं मला वाईट वाटतं. दिवसभर घराला कुलूप असेल तर दोन्ही नकोत. लॅब्रेडॉरचं पिल्लू घेताना आईबापांच्या खुब्याच्या सांध्याचे एक्स-रे मागा, कारण तिथला दोष पुढच्या पिढीत उतरतो. आणि प्रेमळ स्वभाव हीच मुख्य अट असेल, तर दोन-तीन वर्षांचा, आसऱ्याच्या शोधात असलेला कुत्रा पाहा, मग तो गावठी का असेना. पिल्लाचा स्वभाव आपण फक्त अंदाजाने सांगतो. वाढलेल्या कुत्र्याचा मात्र दोन-चार भेटींत, मुलांना आणि आजीला सोबत नेऊन, प्रत्यक्ष पाहता येतो.