विनाशुल्क उच्च शिक्षण, जर्मनीतील : वित्तव्यवस्था

सरकारी विद्यापीठांत पहिल्या पदवीसाठी अध्यापनशुल्क न घेता त्या शिक्षणाचा खर्च करमहसुलातून भागविण्याची जर्मन संघराज्यातील व्यवस्था. २०१४-१५ च्या हिवाळी सत्रापासून ती सर्व सोळा घटकराज्यांत सर्वसाधारण नियम म्हणून अस्तित्वात आहे. विद्यार्थी प्रत्येक सत्राला जी वर्गणी भरतो ती विद्यार्थी-कल्याण मंडळ, विद्यार्थी संघटना आणि बहुतेक ठिकाणी वाहतुकीचा पास यांसाठी असते. अध्यापनाच्या खर्चाशी तिचा संबंध नसतो. खाजगी विद्यापीठे या व्यवस्थेबाहेर आहेत.

उगम : या व्यवस्थेचा प्रारंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मन विद्यापीठांत व्याख्यानशुल्काची, म्हणजे ‘कोलेगगेल्ड’ची पद्धत रूढ होती. विद्यार्थी ज्या व्याख्यानमालेस बसे तिच्या साप्ताहिक तासांनुसार पैसे भरी आणि त्यांतील मोठा भाग थेट अध्यापकाच्या पदरात पडे. वेतन नसलेल्या अध्यापकांची सारी गुजराण त्यावरच चाले. तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट १७७० मध्ये प्राध्यापक होईपर्यंत मुख्यतः अशाच प्राप्तीवर राहत होता. पुढे काही नामांकित प्राध्यापकांची ही प्राप्ती वेतनाहूनही फुगली, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रशिया या तेव्हाच्या सर्वांत मोठ्या जर्मन राज्याने तिचा काही भाग सरकारी निधीकडे वळविला. सरकार आणि अध्यापक यांच्यात शुल्काची वाटणी होण्याचा हा प्रारंभीचा प्रसंग असून, विनाशुल्कतेचा इतिहास सांगताना तो सहसा वगळला जातो. इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिन विद्यापीठात संशोधनासाठी गेल्या, तेव्हाही व्याख्यानशुल्काची ही पद्धत चालू होती.

काही अभ्यासक १ डिसेंबर १९४६ रोजी सार्वमताने मंजूर झालेल्या हेसेन राज्याच्या राज्यघटनेपासून प्रारंभ मानतात. तिच्या एकोणसाठाव्या कलमाने सरकारी शाळांबरोबर विद्यापीठांतील शिक्षणही विनाशुल्क केले. मात्र विद्यार्थ्याची, त्याच्या पालकांची वा अन्य जबाबदार व्यक्तींची आर्थिक स्थिती अनुकूल असल्यास योग्य ते शुल्क घेता येईल, अशी पुस्तीही त्याच कलमात आहे. १९४९ मध्ये राज्याच्या घटनान्यायालयाने या कलमाच्या आधारे एका विद्यार्थ्याच्या बाजूने निर्णय दिला. दुसऱ्या मतानुसार खरा प्रारंभ १९७० चा आहे. हॅम्बुर्गमध्ये विद्यार्थ्यांनी शुल्कावर बहिष्कार घातला आणि त्यानंतर घटकराज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी १९७०-७१ च्या हिवाळी सत्रापासून ते रद्द करण्याचे ठरविले. त्या सुमारास सत्राचे शुल्क दीडशे मार्कांच्या आतबाहेर होते आणि विद्यापीठांच्या एकूण खर्चात त्याचा वाटा अल्प होता. वित्तव्यवस्थेच्या दृष्टीने पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण हेसेनचे कलम एका राज्यापुरते आणि सशर्त होते, तर १९७० च्या निर्णयाने खर्चाची जबाबदारी सर्व राज्यांच्या तिजोरीवर एकदमच आली. तेव्हा वेगळे राष्ट्र असलेल्या पूर्व जर्मनीत प्रवेशसंख्या नियोजनाने ठरे आणि विद्यार्थ्यांना निर्वाहवेतन मिळे. १९८१ पासून त्याचा मूळ दर दरमहा २०० मार्क होता.

खर्चाची विभागणी : शिक्षण हा विषय मूलभूत कायद्यानुसार, म्हणजे संघराज्याच्या राज्यघटनेनुसार घटकराज्यांकडे असल्यामुळे विद्यापीठांचा मूळ खर्च (अध्यापकांची वेतने, इमारती, ग्रंथालये) राज्यांच्या अर्थसंकल्पांतून होतो. शिक्षणासाठी वेगळा कर वा उपकर नाही. आयकराच्या उत्पन्नातील ४२.५ टक्के संघाला (केंद्र सरकारला), ४२.५ टक्के राज्यांना आणि १५ टक्के नगरपालिकांना मिळतात. निगम कर संघ आणि राज्ये यांच्यात निम्मानिम्मा वाटला जातो, आणि मूल्यवर्धित कराचाही मोठा हिस्सा राज्यांकडे येतो. या समाईक महसुलातून विद्यापीठाला किती द्यायचे हे राज्याचे विधिमंडळ ठरविते. पूर्वी रक्कम बाबवार मंजूर होई. १९९० च्या दशकापासून बहुतेक राज्यांनी एकमुस्त अनुदान आणि विद्यापीठाशी काही वर्षांसाठी उद्दिष्टांचा करार या पद्धतीकडे वळण घेतले.

अडचण अशी की, एका राज्याने शिकविलेला पदवीधर दुसऱ्या राज्यात नोकरीला लागला तर त्याच्या आयकराचा लाभ त्या दुसऱ्या राज्याला होतो. बर्लिन, हॅम्बुर्ग, ब्रेमेन यांसारखी नगरराज्ये शेजारच्या राज्यांतील विद्यार्थ्यांना मोठ्या प्रमाणावर शिकवितात. शुल्काविषयीचे जर्मन वाद वरवर विद्यार्थी आणि सरकार यांच्यातील भासले, तरी त्यांच्या तळाशी बहुधा हा राज्याराज्यांतील हिशेब असतो.

क्योनिगश्टाइन सूत्र : अशा हिशेबाचा सर्वांत जुना टिकलेला नमुना म्हणजे हे सूत्र होय. युद्धोत्तर काळात राज्याच्या सीमेपलीकडे उपयोगी पडणाऱ्या संशोधनसंस्थांचा खर्च कोणी उचलावा हा प्रश्न उभा राहिला असता, राज्यांनी मार्च १९४९ मध्ये क्योनिगश्टाइन या गावी करार केला. त्यानुसार प्रत्येक राज्याचा वाटा दोन तृतीयांश प्रमाणात करमहसुलावर आणि एक तृतीयांश प्रमाणात लोकसंख्येवर ठरतो. दोन वर्षांपूर्वीची आकडेवारी आधारास घेऊन दरवर्षी तो नव्याने मोजला जातो आणि हे काम बॉन येथील संघ-राज्य संयुक्त विज्ञान परिषदेचे कार्यालय करते. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनचा वाटा सुमारे २१ टक्के, तर ब्रेमेनचा एक टक्क्याच्या आसपास असतो. करमहसुलाला दुप्पट वजन दिल्यामुळे श्रीमंत राज्य लोकसंख्येच्या मानाने अधिक भार उचलते. परंतु लोकसंख्येचा घटक ठेवल्यामुळे गरीब राज्यही पूर्णपणे सुटत नाही. हे सूत्र विद्यापीठांच्या मूळ खर्चाला लागू नाही, याकडे संदर्भग्रंथांत पुष्कळदा दुर्लक्ष झालेले आढळते. जर्मन संशोधन संघाच्या अनुदानात संघाचा वाटा ५८ टक्के आणि राज्यांचा ४२ टक्के असून, त्या ४२ टक्क्यांची राज्याराज्यांत वाटणी करताना प्रामुख्याने ते वापरले जाते. (आश्रयार्थी निर्वासितांची राज्यांत विभागणीही याच सूत्राने होते, ही त्याच्या व्यावहारिक सोयीची पावती म्हणता येईल.)

प्रवेशक्षमता : शुल्क नसल्यावर मागणीला आळा कशाने बसतो, या प्रश्नाचे उत्तर प्रवेशक्षमतेच्या गणितात आहे. संघीय घटनान्यायालयाने १८ जुलै १९७२ च्या निर्णयात, व्यवसाय निवडण्याच्या स्वातंत्र्यावरून असे ठरविले की, सरकारी विद्यापीठाने प्रवेश नाकारायचा तर उपलब्ध क्षमता शेवटच्या जागेपर्यंत वापरली गेली पाहिजे. त्यामुळे क्षमता म्हणजे नेमके काय हे कायद्याने मोजणे भाग पडले. अध्यापकांचे साप्ताहिक तास (विद्यापीठीय प्राध्यापकास साधारणतः आठ ते नऊ, उपयोजित विज्ञानाच्या उच्चविद्यालयात अठरा) एकत्र केले जातात आणि एका विद्यार्थ्याला पूर्ण अभ्यासक्रमात लागणाऱ्या तासांच्या प्रमाणमूल्याने त्यांना भागले जाते. शंभर जणांच्या दोन तासांच्या व्याख्यानाने प्रमाणमूल्यात ०.०२ ची भर पडते, तर वीस जणांच्या तेवढ्याच तासांच्या चर्चावर्गाने ०.१ ची. वैद्यकाचे एकूण प्रमाणमूल्य आठाच्या वर जाते. पुस्तकी विषयांचे त्याच्या कितीतरी खाली राहते.

या गणिताचा एक विपरीत परिणाम असा होतो की, गट लहान करण्यासाठी विद्यापीठाने अधिक अध्यापक नेमले तर क्षमता वाढल्याचे मानले जाते आणि तितके अधिक विद्यार्थी घ्यावे लागतात. न घेतल्यास प्रवेश नाकारलेला उमेदवार न्यायालयात जाऊन जागा मिळवू शकतो. असे दावे विशेषतः वैद्यक शाखेत नित्याचे आहेत. म्हणून गुणवत्तेसाठी दिलेला निधी क्षमतेच्या हिशेबात धरू नये, अशी तरतूद कायद्यात स्वतंत्रपणे करावी लागते.

शुल्काचा मध्यंतर : १९९० च्या दशकात वाढती विद्यार्थिसंख्या आणि जवळजवळ गोठलेली अनुदाने यांमुळे शुल्काची चर्चा पुन्हा सुरू झाली. संघाने २००२ मध्ये उच्च शिक्षण चौकट अधिनियमात दुरुस्ती करून पहिल्या पदवीसाठी शुल्कास मनाई केली. तिच्याविरुद्ध सहा राज्ये न्यायालयात गेली आणि २६ जानेवारी २००५ रोजी संघीय घटनान्यायालयाने ती दुरुस्ती रद्दबातल ठरविली. निर्णयाचा आधार शुल्क योग्य की अयोग्य हा नव्हता. या विषयावर कायदा करण्याचा संघाला अधिकार नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. त्यानंतर बव्हेरिया, बाडेन-व्ह्युर्टेम्बेर्ग, लोअर सॅक्सनी, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन, हॅम्बुर्ग, हेसेन आणि झारलांड या सात राज्यांनी शुल्क लागू केले. ते सत्रास साधारणतः ५०० युरोपर्यंत होते. पूर्वेकडील राज्यांनी तसे केले नाही. ओस पडू लागलेली विद्यापीठे भरण्यासाठी विनाशुल्कता त्यांच्या सोयीची होती.

हेसेनमध्ये राज्याच्या घटनान्यायालयाने ११ जून २००८ रोजी सहा विरुद्ध पाच मतांनी शुल्क घटनासंमत ठरविले. तथापि त्याच महिन्यात विधिमंडळाने ते रद्द केले. इतर राज्यांनीही सत्तांतरांनंतर तोच मार्ग धरला. बव्हेरियात मात्र जनमागणीची, म्हणजे मतदारांनी नोंदणी करून कायद्याची मागणी करण्याची, प्रक्रिया कारणीभूत ठरली : जानेवारी २०१३ मध्ये आवश्यक त्या १० टक्क्यांहून अधिक मतदारांनी नोंदणी केल्यावर सत्ताधाऱ्यांनी माघार घेतली. शेवटचे राज्य लोअर सॅक्सनी होय. बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई राज्यांनी अर्थसंकल्पातून केली. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनने २०११ च्या कायद्याने त्यासाठी वर्षाला किमान २४.९ कोटी युरोंची हमी दिली आणि वर उल्लेखिलेली, क्षमतेत न धरण्याची तरतूदही त्यात केली. विद्यार्थिसंख्या वाढत गेल्यावर अशी ठोक रक्कम दरडोई घटत जाते, ही त्या व्यवस्थेची उणीव होय.

संघाचा वाटा : १९६९ पासून विद्यापीठांचे बांधकाम हे संघ आणि राज्ये यांचे समाईक कार्य होते व खर्च निम्मानिम्मा वाटला जाई. २००६ च्या संघराज्य-सुधारणेने ही तरतूद काढून टाकली. भरपाई म्हणून संघ २०१९ पर्यंत राज्यांना वर्षाला सुमारे ६९.५ कोटी युरो देत राहिला. इमारतींच्या दुरुस्तीची साचलेली कामे हा आजही विनाशुल्क व्यवस्थेतील सर्वांत दुबळा दुवा समजला जातो.

अध्यापनासाठी संघाचा पैसा संघ आणि राज्ये यांच्यातील २००७ च्या उच्च शिक्षण करारातून येऊ लागला. २००५ ची संख्या आधारभूत धरून तिच्यावरील प्रत्येक अतिरिक्त नवागत विद्यार्थ्यामागे पहिल्या टप्प्यात २२,००० आणि पुढे २६,००० युरो निश्चित झाले व त्यांतील निम्मे संघाने दिले. माध्यमिक शिक्षणाचे वर्ष कमी झाल्याने एकाच वेळी बाहेर पडलेल्या दोन तुकड्या आणि २०११ मध्ये स्थगित झालेली सक्तीची लष्करसेवा यांमुळे नवागतांची संख्या अंदाजापेक्षा बरीच वाढली. केवळ नवागत मोजल्यामुळे प्रवेश देण्यास प्रोत्साहन मिळाले, पूर्ण शिकविण्यास नाही, ही टीका रास्त होती. २०२१ पासूनच्या कायमस्वरूपी करारात म्हणून नवागतांना २० टक्के, विहित कालावधी अधिक दोन सत्रे एवढ्या मुदतीत असलेल्या विद्यार्थ्यांना ६० टक्के आणि पदवीधरांना २० टक्के वजन देण्यात आले. अशा दीर्घकालीन साहाय्यास घटनात्मक आधार मूलभूत कायद्याच्या ९१ ब या कलमातील, १ जानेवारी २०१५ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने मिळाला.

निर्वाहखर्चासाठी १९७१ च्या कायद्याने ‘बाफ्योग’ हे साहाय्य सुरू झाले. १९८३ मध्ये ते पूर्णपणे कर्जरूप करण्यात आले आणि १९९० पासून निम्मे अनुदान व निम्मे बिनव्याजी कर्ज असे त्याचे स्वरूप आहे. परतफेडीची कमाल मर्यादा १०,०१० युरो आहे. त्याचा खर्च २०१४ पर्यंत संघ ६५ आणि राज्ये ३५ टक्के या प्रमाणात करीत. २०१५ पासून तो संपूर्णपणे संघाकडे गेला, तेव्हा राज्यांचे वर्षाला सुमारे ११७ कोटी युरो वाचले. ती रक्कम शाळा व विद्यापीठांवर खर्च व्हावी असे ठरले होते.

न्याय्यतेचा वाद : विद्यापीठात न जाणाऱ्या कामगाराच्या करातून सुस्थितीतील घरच्या मुलांचे शिक्षण होते, हा आक्षेप जुना आहे. कार्ल मार्क्सनेही १८७५ मध्ये जर्मन कामगार पक्षाच्या गोथा कार्यक्रमावर टीका करताना, अमेरिकेतील काही राज्यांत असलेले विनाशुल्क उच्च शिक्षण म्हणजे वरच्या वर्गांचा शिक्षणखर्च सर्वसाधारण करांतून भागविणे होय, असे म्हटले होते. आधुनिक वाद कॅलिफोर्नियाच्या आकडेवारीवरून पेटला. हॅन्सन आणि वाइसब्रॉड या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये हस्तांतरण गरिबांकडून श्रीमंतांकडे होते असा निष्कर्ष काढला, तर त्यांचेच देशबांधव अर्थशास्त्रज्ञ पेचमन यांनी १९७० मध्ये तीच आकडेवारी कुटुंबांच्या उत्पन्नगटांनुसार मांडून उलट निष्कर्ष दाखविला. निष्कर्ष मोजणीच्या पद्धतीवर अवलंबून असल्याने, आयुष्यभराचे कर व लाभ एकत्र धरणारी मोजणी अधिक विश्वसनीय मानावी लागते. तिच्यात जर्मनीसारख्या चढत्या आयकराच्या देशात पदवीधर स्वतःच्या शिक्षणाच्या खर्चाचा मोठा भाग पुढे करांतून फेडतो. अर्थात, तो देशातच राहिला तर.

परदेशी विद्यार्थी : या शेवटच्या अटीमुळे अपवाद निर्माण झाले. बाडेन-व्ह्युर्टेम्बेर्गने २०१७-१८ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना सत्रास १,५०० युरो शुल्क लावले; त्यांतील ३०० युरो विद्यापीठाकडे राहतात, उरलेले राज्याच्या तिजोरीत जातात. बव्हेरियाच्या नव्या कायद्यान्वये म्यूनिकच्या तंत्रविद्यापीठाने २०२४-२५ पासून अशा विद्यार्थ्यांना सत्रास २,००० ते ६,००० युरो आकारण्यास सुरुवात केली. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ४९,५०० भारतीय विद्यार्थी होते आणि परदेशी विद्यार्थ्यांत त्यांचा गट सर्वांत मोठा होता. त्यामुळे या अपवादांची झळ पुण्या-मुंबईहून जाणाऱ्या अभियांत्रिकीच्या पदवीधरांनाही लागते. प्रवेशपरवान्यासाठी त्यांना निर्बंधित बँक खात्यात दाखवावी लागणारी रक्कम, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून वर्षास ११,९०४ युरो, हे शुल्क नव्हे. ती विद्यापीठाकडे जात नाही, तर दरमहा ९९२ युरोंच्या हप्त्याने विद्यार्थ्यालाच निर्वाहासाठी परत मिळते.