ताटातला धोका आणि चिठ्ठीतला धोका

नैराश्यावरील फेनेल्झीन, ट्रॅनिलसिप्रोमीन यांसारख्या मोनोअमाइन ऑक्सिडेज प्रतिबंधक औषधांचा विषय निघाला की ‘चीज खायचे नाही’ हे पथ्य आधी सांगितले जाते आणि पुष्कळदा बोलणे तेवढ्यावरच थांबते. वास्तविक या गोळ्यांमुळे दोन निरनिराळी संकटे ओढवू शकतात. दोन्हींत घाम फुटतो, छाती धडधडते, जीव घाबरा होतो आणि रक्तदाब चढू शकतो, त्यामुळे ती एकच समजली जातात.

पहिले संकट ‘चीज रिअ‍ॅक्शन’ म्हणून ओळखले जाते. मुरवलेल्या चीजमध्ये जिवाणूंच्या क्रियेने टायरामीन नावाचे रसायन तयार होते. एरवी आतड्यातील आणि यकृतातील मोनोअमाइन ऑक्सिडेज हे एन्झाइम त्याचा तिथल्या तिथे निकाल लावते. मात्र गोळीने हे एन्झाइम निकामी केले असेल, तर टायरामीन रक्तात शिरते, मज्जातंतूंच्या टोकांशी साठलेले नॉरअ‍ॅड्रेनालिन हे संदेशवाहक रसायन बाहेर ढकलते आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. खाल्ल्यापासून साधारण दोन तासांच्या आत डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका लागतो, मान ताठरते, आणि रक्तदाब फारच चढला तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील बॅरी ब्लॅकवेल यांनी १९६३ मध्ये हा संबंध पुढे आणला. ही औषधे घेणाऱ्या आपल्या पत्नीचे डोके चीज खाल्ल्यावर दुखते, असे एका औषधविक्रेत्याने पत्रातून कळवले होते, तोच त्यांना मिळालेला धागा. आपल्याकडे चीजच्या जोडीने पनीरही वर्ज्य ठरवले जाते, ते मात्र विनाकारण. दूध फाडून केलेले ताजे पनीर मुरवलेले नसते, त्यामुळे त्यात टायरामीन अगदी थोडे असते. जुने चेडर, सोया सॉस, नीट न ठेवलेले मांस-मासे यांची भीती खरी.

दुसरे संकट सेरोटोनिन सिंड्रोमचे, म्हणजे सेरोटोनिन या मज्जासंस्थेतील संदेशवाहक रसायनाच्या अतिरेकाचे. त्याचा जेवणाशी संबंध नसतो. सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधे, म्हणजे येथे ही गोळी आणि तसेच दुसरे एखादे औषध, शरीरात एकत्र आली की ते उद्भवू शकते. फ्लुओक्सेटीनसारखी नैराश्याचीच दुसरी गोळी, वेदनाशामक ट्रॅमाडॉल किंवा पेथिडीन, इतकेच काय, कोरड्या खोकल्याच्या सिरपमधील डेक्स्ट्रोमेथॉर्फनसुद्धा त्याला पुरेसे होते. येथे डोके ठणकण्यापेक्षा बेचैनी, गोंधळलेपणा, जुलाब, ताप आणि स्नायूंची थरथर ठळक असते. ओळखीची खूण पायात सापडते: डॉक्टरांनी रुग्णाचे पाऊल झटकन वर दाबून धरले की घोटा आपोआप लयीत उडत राहतो. चीज रिअ‍ॅक्शनमध्ये असे होत नाही.

माझ्या मते या दोहोंत दुसऱ्याकडे अधिक दुर्लक्ष होते, कारण ताटाची खबरदारी घरातले सगळे घेतात, पण दाताच्या किंवा हाडाच्या डॉक्टरांकडे जाताना जुनी चिठ्ठी घरीच राहते. न्यूयॉर्कमध्ये १९८४ साली फेनेल्झीन घेणाऱ्या १८ वर्षांच्या एका विद्यार्थिनीला रुग्णालयात पेथिडीन दिले गेले आणि काही तासांतच तीव्र तापात ती दगावली.

गोळी बंद केली म्हणून धोका त्याच दिवशी सरत नाही. या जुन्या गोळ्या एन्झाइमला कायमच्या चिकटतात आणि शरीराला ते नव्याने घडवावे लागते, म्हणून दुसरे नैराश्यरोधक सुरू करण्याआधी १४ दिवस जाऊ देतात. उलट फ्लुओक्सेटीन सोडून या गोळ्यांकडे वळायचे असेल, तर पाच आठवडे थांबावे लागते, कारण ते शरीरातून फार सावकाश उतरते.