रोटरी इंजिन तेल पितं म्हणजे ते बिघडलंय?

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये माझदाचं टर्बो रोटरी (पिस्टनऐवजी फिरत्या रोटरवर चालणारं इंजिन) बसवायचं म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं, "ते तेल पितं, म्हणजे खलास व्हायला आलंय." तसं नाही. रोटरी तेल जाळतं ते मुद्दामच. माझदाच्या 13बी या रोटरी इंजिनात दोन त्रिकोणी रोटर असतात. प्रत्येकाच्या तिन्ही टोकांवरचे एपेक्स सील, म्हणजे फट बंद ठेवणाऱ्या पट्ट्या, हाउसिंगला (बाहेरच्या कवचाला) सतत घासत फिरतात. त्यांना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप इंजिन ऑइल थोडं थोडं आत सोडतो, ते पेट्रोलबरोबर जळतं. म्हणून डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) वरचेवर बघायची, बस्स.

गंमत अशी की या समजापायीच काहीजण इंजिन बसवताना तो पंप काढून टाकतात. काढा, हरकत नाही. पण मग पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळायलाच हवं. नाहीतर सील कोरडे घासून कॉम्प्रेशन (आतला दाब) उतरतं.

टर्बो रोटरीचा खरा वैरी म्हणजे नॉकिंग, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी आपोआप भडकणं. बूस्ट (टर्बोने आत कोंबलेल्या हवेचा दाब) वाढवला आणि त्या मानाने पेट्रोल कमी पडलं, की नॉकिंग होऊन एपेक्स सील तुटतो; त्याचा तुकडा एक्झॉस्टमधून जाताना टर्बोची पातीही मोडू शकतो. निळा धूर भसाभस येत असेल, तर मात्र रोटरच्या बाजूचे ऑइल सील आणि टर्बोचे सील तपासा.