रूळ उचलायचे राहिले म्हणून

सिंधुदुर्गातल्या शिरोड्याहून रेडीकडे जाताना रस्ता लाल व्हायला लागतो. खाणीतल्या लोहखनिजाचा तो धुरळा. तिथे खाण आणि बंदर एकमेकांच्या शेजारीच, त्यामुळे ट्रक भरला की माल किनाऱ्यावर. जपावी अशी खाणीची आगगाडी आपल्या वाट्याला आलीच नाही. आपली जुनी छोटी गाडी म्हणजे नेरळ-माथेरानची, आणि ती १९०७ साली सुरू झाली ती हवा खायला जाणाऱ्यांसाठी. पण इतक्या अरुंद, दोन फुटी रुळांवर वाफेचं इंजिन डोंगर चढू शकतं हे जगाला आधी दाखवलं वेल्समधल्या एका खाणीच्या गाडीने. तिचं नाव फेस्टिनियॉग.

खाण होती पाटीच्या दगडाची. आपण त्यावर मुळाक्षरं गिरवली, तिकडे त्याची घरं शाकारत. आपल्याकडे मंगलोरी कौलं, तसं. डोंगरातला हा दगड पोर्थमॅडॉगच्या धक्क्यावर आणायला १८३६ साली सुमारे २२ किलोमीटरचा मार्ग सुरू झाला. इंजिन नव्हतंच. मार्ग खाणीपासून समुद्रापर्यंत बहुतेक सगळा उतरता ठेवलेला, त्यामुळे भरलेल्या वाघिणी आपल्या वजनानेच खाली यायच्या, ब्रेक सांभाळायला माणसं. रिकाम्या वाघिणी वर ओढायला घोडे. आणि उतरताना हेच घोडे गाडीच्या शेपटीला जोडलेल्या खास डब्यात उभे राहून प्रवास करत! शेवटचा टप्पा चक्क खार बंधाऱ्यावरून जातो. भरतीचं पाणी अडवून जमीन काढायला १८११ मध्ये घातलेला तो बांध पाहून आपल्या खारबंदीवाल्यांना परकं काही वाटणार नाही.

१८६३ मध्ये वाफेची इंजिनं आली. १८७० मध्ये फेअर्ली या अभियंत्याच्या दुतोंडी इंजिनाच्या चाचण्या पाहायला परदेशांतून अभियंते आले, आणि दार्जिलिंगची दोन फुटी लाईन पडली ती त्यानंतर. पुढे पाटीच्या दगडाची मागणी ओसरली आणि १९४६ साली गाडी थांबली.

खरी गंमत इथेच आहे. असे रूळ एरवी भंगारात जातात. पण ही रेल्वे १८३२ च्या ज्या कायद्याने उभी राहिली, त्यात ती बंद कशी करायची याची तरतूदच नव्हती! मग रूळ तसेच पडून राहिले, त्यावर झाडंझुडपं माजली. कायदा करणाऱ्यांच्या विसराळूपणाचे इतके उपकार क्वचितच कुणावर झाले असतील.

१९५५ पासून हौशी स्वयंसेवकांनी एकेक टप्पा मोकळा केला. त्यात वरच्या अंगाचा काही मार्ग वीजप्रकल्पाच्या तलावाखाली गेला. म्हणजे गाडीही धरणग्रस्त! पुनर्वसनही तिचं तिलाच करावं लागलं: १९६५ पासून तेरा वर्षं बहुतेक हौशी हातांनीच डोंगर फोडून, रुळांना गोल वळसा देऊन नवा मार्ग काढला. १९८२ मध्ये गाडी पुन्हा वरच्या गावी पोचली. २०२१ साली हा सगळा खाणप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

रोजच्या गाडीत आता प्रवासी असतात. पण खास दिवशी जुन्या वाघिणी जोडून, इंजिनाशिवाय, उतारावर सोडून दाखवतात. ब्रेकवाले अजूनही वाघिणींवरच बसतात.