विलीनीकरणानंतर वैमानिकांचा फक्त गणवेश बदलतो?

‘विमान तेच, वैमानिक तोच, दोन कंपन्या एक झाल्या तर बदलतो तो फक्त गणवेश,’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे.

विमान एकाच मॉडेलचं असलं तरी ते चालवायची पद्धत प्रत्येक कंपनीची आपली असते. चेकलिस्ट कधी मागायची, कोणी वाचायची, उत्तर कोणत्या शब्दांत द्यायचं, सगळं ठरलेलं. फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या, मागितल्यावर एका कंपनीतला सहवैमानिक आधी ‘वेग तपासला’ असं मोठ्यानं म्हणतो आणि मगच दांडा हलवतो. दुसरीत फ्लॅप्स किती उघडायचे तो नुसता आकडा उच्चारतो. फरक एवढासाच, पण शेजारचा वैमानिक त्याच शब्दाची वाट पाहत असतो. तो आला नाही की काहीतरी राहिलंय, हे त्याला कळतं. आणि वर्षानुवर्षं जिभेवर बसलेला शब्द थकव्यात, घाईत हमखास परत येतो. मला तर नवं शिकण्यापेक्षा हे जुनं विसरणंच जास्त अवघड वाटतं.

म्हणून बदल टप्प्याटप्प्यानं होतात, सिम्युलेटरवर घोटून घेतले जातात. अमेरिकन एअरलाइन्स आणि यूएस एअरवेज डिसेंबर २०१३ मध्ये एक झाल्या. दोघींना मिळून एकच उड्डाण परवाना मिळाला तो एप्रिल २०१५ मध्ये.